रडारचे तरंग आणि जंगल : परावर्तन, विकिरण की प्रकीर्णन?

जंगलांची रडार-प्रतिमा घेणाऱ्या उपग्रहांवर लेख लिहिताना 'स्कॅटरिंग'ला, म्हणजे रडारचा तरंग आदळून चहूकडे विखुरण्याला, परावर्तन म्हणावे, विकिरण की प्रकीर्णन, असे एका वाचकाने विचारले आहे. माझे मत प्रकीर्णनाच्या बाजूने आहे.

आरशावरून तरंग ठरलेल्या दिशेने परततो, ते परावर्तन. झाडात तसे होत नाही. पाने, डहाळ्या, खोड यांवर आदळून तरंग चहूकडे जातो आणि त्यातला थोडाच उपग्रहाकडे परततो. खोड आणि जमीन यांच्या काटकोनात मात्र तो दोनदा उसळून आल्या वाटेने माघारी येतो. तिथे 'दुहेरी परावर्तन' नेमके बसते, ते बदलू नये.

'विकिरण' शाळेपासून कानावर आहे, पण हिंदीत त्याचा अर्थ रेडिएशन, ज्याला आपण प्रारण म्हणतो. हिंदी-मराठी दोन्ही वाचणाऱ्याचा इथे घोटाळा होतो.

मला प्रकीर्णन पटते ते त्याच्या गोतावळ्यामुळे, म्हणजे त्यापासून बनणाऱ्या शब्दांमुळे. ते शब्द कुठे लागतात ते पाहा. सेंटिनेल-1 या रडार-उपग्रहांचे सुमारे 5.5 सेंमी लांबीचे तरंग बहुतांशी शेंड्याकडच्या पानाफांद्यांतच अडतात. 2025 मध्ये सोडलेल्या बायोमास उपग्रहाचे सुमारे 70 सेंमीचे तरंग पर्णसंभार भेदून जाड फांद्या आणि खोडांपर्यंत पोचतात. हे संगणकावर मांडायचे तर अख्ख्या रानासाठी मॅक्सवेलची, म्हणजे विद्युतचुंबकीय तरंगांची मूळ समीकरणे थेट सोडवणे फार जड जाते. म्हणून खोडाला दंडगोल आणि पानाला चकती मानतात. असा प्रत्येक घटक म्हणजे 'प्रकीर्णक'. एकेक प्रकीर्णक तरंग कसा विखुरतो ते आधी काढून ठेवायचे, मग सगळ्यांची एकमेकांशी सांगड घालायची. फोल्डी आणि लॅक्स या शास्त्रज्ञांची समीकरणे याच कामाची. तरंग एकदाच आदळला असे धरले तर 'एकेरी प्रकीर्णन', एका प्रकीर्णकावरून दुसऱ्यावर जात राहिला तर 'बहुविध प्रकीर्णन', उपग्रहाकडे उलटला तर 'पश्चप्रकीर्णन'. परावर्तनातून एवढी शब्दावळ निघत नाही. शिवाय प्रकीर्ण, विकीर्ण, संकीर्ण ही भावंडे मराठीत आधीपासून नांदतात.

क्रियापद साधेच ठेवा : विखुरणे. फक्त 'फांद्या तरंग विखुरतात' असे लिहू नका, कोण कोणाला विखुरते ते कळत नाही. 'फांद्यांवरून तरंग विखुरतात' हे स्वच्छ. आणि 'पसरतात' टाळाच. पसरणे हे प्रसारणाचे, म्हणजे तरंगाच्या पुढे सरकत जाण्याचे काम, ते मोकळ्या हवेतही चालते.