मेटल ऐकायला मेटलवालं व्हावं लागतं का?

प्रिय,

‘मेटल, म्हणजे हेवी मेटल हे जड गिटारचं संगीत, मला जिवापाड आवडतं, पण ते ऐकणाऱ्या लोकांत मी बसत नाही, मग माझी आवड खरी म्हणायची का?’ असं तू विचारलंस. खरी आहे. तिला कुणाच्या दाखल्याची गरज नाही. गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, एखादा मुलगा ‘या बँडची तीन गाणी सांग बघू’ म्हणाला, तर त्याला उत्तर देणं तुझ्यावर मुळीच बंधनकारक नाही.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. हा आवाज कुठून आला ते बघ. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी टोनी आयोमीच्या, म्हणजे पुढे ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक झालेल्या मुलाच्या, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची नेमकी तीच बोटं. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या, आणि १९७१ पर्यंत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सैल तार दाबायला सोपी आणि ऐकायला जड. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० चा. चामड्याचे कपडे आणि त्यांवरचे धातूचे खिळे नंतर, सत्तरचं दशक संपता संपता, जुडास प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड याच्यामुळे रूढ झाले. आवाज आधी आला, पोशाख मागून. आणि मोटरहेड या बँडचा गायक लेमी तर शेवटपर्यंत स्टेजवरून सांगायचा, आम्ही रॉक अँड रोल वाजवतो.

तुला संथ, घुमणारं, जड संगीत जास्त ओढतं, म्हणून ‘अर्थ’ (Earth) या अमेरिकन बँडबद्दल थोडं सविस्तर लिहितो. सिॲटलमध्ये ग्रंज या रॉकच्या प्रकाराचा भर ओसंडून वाहत असताना, १९९३ मध्ये, त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम आला. तीन तुकडे, सत्तर मिनिटांहून जास्त वेळ, ड्रम जवळजवळ नाहीतच. एकच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, इतकी सावकाश येते की दोन आघातांच्या मध्ये डिस्टॉर्शनचा, म्हणजे गिटारच्या मुद्दाम फाटवलेल्या आवाजाचा, गाभा ऐकू येतो, एका स्वरातून वर निघणारे बारीक स्वर कळू लागतात. अर्थचा गिटारवादक डिलन कार्लसन यामागे अमेरिकन संगीतकार ला माँट यंगचं ऋण मानतो. आणि यंग १९७० पासून शिष्य होता पंडित प्राणनाथांचा, उस्ताद अब्दुल वहीद खाँच्या शागिर्दाचा. म्हणजे किराणा! मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँचं, आपल्या भीमसेनांचं घराणं. तानपुऱ्यापाशी बसून वाढलेल्या तुझ्या कानाला हा अल्बम परका वाटला नाही, यात मला तरी काहीच नवल वाटत नाही. असा कान कुठल्याही सीनमध्ये, म्हणजे बँड आणि चाहत्यांच्या गोतावळ्यात, मिळत नाही, तो तुझा तू आणलेला आहेस.

पण म्हणून सीनला तुच्छ लेखू नकोस, हे मात्र मी आग्रहानं सांगेन. त्या लोकांनी कॅसेटवरून कॅसेट उतरवल्या, पदरचे पैसे घालून बँड उभे केले. मुंबईत धोबी तलावचं रंगभवन होतं. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव व्हायचा. पुढे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि मोकळ्या मंचावरचे ते कार्यक्रम थांबले. तरीही डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत यांसारखे बँड मुंबईत टिकले, ते समोर येऊन उभं राहणाऱ्या माणसांच्या जोरावर. तू त्यांच्यातली नसशील, पण तिकीट काढ, आवडलेल्या बँडचा अल्बम विकत घे.

आणखी एक अवघड गोष्ट. ‘माझा सीनशी संबंध नाही, मी फक्त संगीत ऐकते,’ हे वाक्य सगळीकडे चालत नाही. नॉर्वेत १९९२ पासून चर्च जाळली गेली, १९९३ मध्ये मेहेम या मेटल बँडच्या युरोनिमसचा खून झाला आणि त्या खुनासाठी ‘बुर्झुम’ या नावानं संगीत करणाऱ्या व्हार्ग विकर्नेसला १९९४ मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. त्यानं वंशद्वेषही उघडपणे मांडला. ते संगीत प्रभावी आहे, मी नाकारत नाही. पण माझा पैसा त्याच्याकडे जाऊ नये असं मला वाटतं, आणि मी तो जाऊ देत नाही. तुझी रेघ तू ठरव, फक्त ती ठरवायचं टाळू नकोस.

यानंतर गॉडफ्लेश या बँडचा १९८९ चा अल्बम ऐक. पुन्हा बर्मिंगहॅम, आणि ड्रमरच्या जागी यंत्र. गॉडफ्लेशचा जस्टिन ब्रॉडरिक त्याआधी नेपाम डेथ या बँडमध्ये होता, नंतर टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताकडेही वळला. हेडफोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये फोन न बघता ऐक, आणि कुठे कंटाळा आला तेही मला कळव.

गिगला एकटी जायला लाजू नकोस. पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीच्या गर्दीत, शिरायचं नसेल तर मिक्सरच्या टेबलाजवळ उभी राहा, आवाज बहुधा तिथेच सर्वांत नीट लागलेला असतो. आणि कानात प्लग घालच. १०० डेसिबल आवाजात १५ मिनिटांपलीकडे कानांना धोका सुरू होतो, आणि गिग तर तासन्‌तास चालते.

तुझा,
काका