बाळंतविडा करायला घेताना

चिरंजीवास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईच्या बाळासाठी बाळंतविडा स्वतःच्या हाताने करायचा, हा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. स्वेटर, टोपरे, मोजे, कुंची, झबली, दुपटे, गोधडी आणि शिवाय पाळण्याच्या खोलीसाठी क्रोशाचे तोरण, अशी यादी तू पाठवली आहेस. आत्ता डिसेंबर लागला आहे आणि बाळ एप्रिलमध्ये यायचे आहे. नोकरी सांभाळून एवढे सगळे नीट होणार नाही, म्हणून तोरण आधी यादीतून काढ. मुलगा सुई हातात धरतो याचे घरात कौतुक होईल, ते होऊ दे, पण त्या कौतुकापायी देखण्या वस्तूंच्या मागे लागू नकोस. बाळंतविडा वापरण्यासाठी असतो. ज्याच्या अंगावर तो जायचा त्याचे वय, गावची हवा, बाळाची अंघोळ आणि घरातले धुणे, यांचा विचार करून काय करायचे ते ठरव. नमुना त्यानंतर निवड.

ताई बाळंतपणाला नाशिकला, म्हणजे तुमच्याच घरी येणार. एप्रिलच्या उन्हाळ्यात नवजात बाळाला लोकर सोसणार नाही. त्याला हवे मऊ मलमलीचे झबले, तेही पुढून पूर्ण उघडणारे, कारण मान न धरलेल्या बाळाच्या डोक्यावरून कपडा काढताना अनुभवी आजीचाही हात बिचकतो. बटणे लावू नकोस. बगलेकडे बांधता येतील असे आखूड बंद लाव. मणी, मोती, गोंडे असे तोंडात जाईल ते काहीही नको, आणि टोपऱ्याला किंवा कुंचीला गळ्याभोवती येईल अशी लांब नाडी तर मुळीच नको. खणाची कुंची करणार असशील तर तिला आतून मलमलीचे अस्तर लाव. खणाचा काठ तुझ्या बोटांना मऊ लागला तरी नवजात बाळाच्या गालाला तो टोचतो. कुंची बारशाच्या दिवशी थोडा वेळ घालायची, एवढाच तिचा उपयोग आहे. तेव्हा एकच पुरे.

झबल्याची शिवण कशी घालायची ते नीट सांगते, कारण कपडा चांगला की वाईट हे तिथेच ठरते. कापडाच्या दोन उलट बाजू एकमेकींना लावून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून, कडेपासून अर्ध्या सेंटीमीटरवर पहिली शिवण घाल. बाहेर आलेले दशांचे धागे कात्रीने साफ कर, कापड उलटव, नखाने शिवण दाबून घे आणि मग पहिल्या शिवणीच्या जरा आत दुसरी शिवण घाल. कापलेली कड त्या दोन शिवणींमध्ये बंद होते, म्हणून आतून हात फिरवला तर एकही दशी लागत नाही. मात्र कापड बेतण्याआधी ते गरम पाण्यातून काढून वाळव आणि इस्त्री कर. खळ निघून जाते आणि आटायचे ते आधीच आटते. दुपट्याला क्रोशाची कड घालणार असशील तर हे विसरून चालणारच नाही. कापड मागाहून आटले की कडेच्या मुक्या खांबांच्या, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांच्या, लाटा होतात आणि त्या इस्त्रीने बसत नाहीत.

गोधडीसाठी आजीचे जुने लुगडे मिळेल असे तू लिहितोस. ते आजीच्या हातून, तिला विचारून घे, आणि कोणते कापायचे ते तिलाच ठरवू दे. नऊवार लुगडे साधारण सव्वाआठ मीटर भरते. बाळाच्या गोधडीला मीटरभर लांबीचे चार-पाच थर पुरतात, म्हणजे हिशेबाने एका लुगड्यात जवळजवळ दोन गोधड्या बसतात. पण जुने लुगडे सगळीकडे सारखे टिकलेले नसते. ते उजेडासमोर धर. बसून बसून विरलेला भाग लगेच दिसेल. तो मधल्या थरांत घाल आणि पदराकडचा धडका भाग वर-खाली ठेव. थर जमिनीवर ताणून, सुरकुत्या काढून, मोठ्या टाक्यांनी टाचून घे आणि मगच धावदोरा घालायला लाग. दोरा फार ओढू नकोस, नाहीतर गोधडी आक्रसते. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते: गोधडी बाळाला निजवण्यासाठी खाली अंथरायची, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर जाईल अशी सैल पांघरायची नाही. हे ताईलाही सांग. मोठ्या छिद्रांची जाळीदार विणही टाळ, कारण बाळाची बोटे तिच्यात अडकतात.

मोज्यांचेही तसेच. दोन रंगांची नक्षी विणली की आतल्या बाजूला सैल धागे आडवे धावतात, आणि पायाच्या बोटाभोवती असा एखादा धागा गुंडाळला गेला तर रक्त अडते, बाळ रडते आणि मोजा काढून पाहीपर्यंत कारण कोणाला कळत नाही. मोजे एकरंगीच कर आणि विणून झाले की उलटे करून तपास.

आता स्वेटर. नाशिकची खरी थंडी पुढच्या डिसेंबरात पडेल तेव्हा बाळ आठ महिन्यांचे असेल आणि त्याच्या छातीचा घेर सुमारे 44 सेंटीमीटर झालेला असेल. म्हणून स्वेटर 50 सेंटीमीटरच्या घेराचा धर. आत झबले असते आणि बाळ वाढतच असते. बाह्यांची पट्टी एक सुलट, एक उलट अशी लांब विण, म्हणजे आधी दुमडून आणि पुढे उलगडून तोच स्वेटर थंडीभर चालेल. परदेशी नमुना घेतलास तर सुयांचे नंबर तपास. आपल्याकडे मिळणारी 10 नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची असते आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. अमेरिकी नमुन्यातला 10 नंबर म्हणजे 6 मिलिमीटर, आणि तिथे नंबराबरोबर जाडी वाढते. नंबरावर विसंबू नकोस, मिलिमीटर पाहा.

आणि आधी नमुन्याचा चौकोन, म्हणजे त्याच लोकरीचा आणि त्याच सुयांवरचा लहान तुकडा, विणून मोज. तुझा हात घट्ट आहे हे मी पाहिले आहे. समज, नमुन्यात 10 सेंटीमीटरला 24 टाके सांगितले आहेत आणि तुझे 27 येतात. 96 टाक्यांचा तुकडा 40 सेंटीमीटर व्हायला हवा, तो साडेपस्तीसच्या आसपास भरेल. एक संध्याकाळ चौकोनावर गेली तर महिनाभराचे विणकाम उसवावे लागत नाही.

लोकर ॲक्रिलिकची घेतलीस तर ती यंत्रात धुता येते आणि स्वस्त पडते, हे खरे. पण तुमच्या घरी अंघोळीनंतर बाळाला ओव्याची धुरी आणि बाळंतिणीला शेक द्यायची पद्धत आहे. ॲक्रिलिक विस्तवाजवळ वितळते आणि कातडीला चिकटते. शेगडीच्या आसपास बाळाच्या अंगावर फक्त सुती कपडा असेल, एवढे आई आणि आजी दोघींना बजावून ठेव.

ताईसाठीही काहीतरी कर. बाळंतविड्यात बाळाची कौतुके इतकी होतात की बाळंतिणीची आठवण राहत नाही. पुढून उघडणारा, खिसा असलेला सुती गाऊन आणि कान झाकणारा मऊ रुमाल तिला रोज लागेल. माझ्या मते तुझ्या यादीतली पहिली वस्तू हीच असायला हवी.

झालेले कपडे सौम्य साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून सुती पिशवीत ठेव. त्यात डांबराच्या गोळ्या घालू नकोस, त्यांची वाफ तान्ह्या बाळाला घातक असते. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाल. बाळाची पहिली संक्रांत जानेवारीत येईल तेव्हा बाळ नऊ महिन्यांचे होईल आणि बोरन्हाणाला काळे झबले लागेल, पण ते आत्ता शिवू नकोस. दिवाळीनंतर बाळाचे माप घेऊन शीव.

या आठवड्यात चौकोन विणून, धुऊन आणि सपाट वाळवून मोज. आडवे टाके किती आणि उभ्या ओळी किती ते कळव, म्हणजे पाठीला किती टाके घालायचे ते मी लिहून पाठवते.

तुझी शिवणाची बाई