“मामांच्या विरोधात तक्रार कशी करू?”

“माणूस घरचाच आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करू?” हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की, त्याविषयी एकदा लिहिणे मला आवश्यक वाटले. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

झोप लागत नाही म्हणून एक विवाहित तरुणी माझ्याकडे येत होती. बहिणीचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला. आईवडिलांच्या पश्चात मामांकडे वाढणाऱ्या या 13 वर्षांच्या मुलीला, “शाळेत घालतील, लेकीसारखी ठेवतील” असे सांगून मामांनी ठाण्यातील एका ओळखीच्या घरी मूल सांभाळायला ठेवले होते. फोन नेहमी स्पीकरवर असे, प्रत्येक प्रश्नाला “बरं आहे” एवढेच उत्तर येई आणि शाळेचा दाखला अजून गावातच पडून होता.

“मामांनी आम्हाला सांभाळलं, ताई. ते वाईट कसं करतील?”

मामा चांगले की वाईट, या वादात मी शिरले नाही. एवढेच विचारले, “तिला उद्या परत यावंसं वाटलं, तर येता येईल?”

“मामांनी वीस हजार उचल घेतलीये. ती फिटल्याशिवाय कशी येणार?”

पदराचा काठ गुंडाळणारी तिची बोटे थांबली. मीही गप्प राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “म्हणजे ती गहाण आहे.”

हा शब्द मी उच्चारला असता, तर तिने मामांचीच बाजू घेतली असती. तो तिचा तिला सापडला, म्हणूनच टिकला.

घरातली गाठ घरातच सोडवावी, या विचारात मी घडले आहे आणि एरवी तो सोडत नाही. मात्र पूर्वी अशाच एका प्रकरणात मी आधी घरच्यांना बसवून बोलायला सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी मुलीला भलतीकडे हलवण्यात आले. तेव्हापासून, मूल सुरक्षित होईपर्यंत घरात वाच्यता करू नका, असेच मी सांगते.

तिला बचत गटातून कर्ज काढून उचल फेडायची होती. मी ते थांबवले, कारण वेठबिगारीची पद्धत मोडणाऱ्या 1976 च्या कायद्याने अशी उचल फेडण्याची जबाबदारीच संपवली आहे. शिवाय ती गुपचूप फेडली असती, तर त्या घरात उद्या दुसरी कोणाची तरी मुलगी आली असती. “मुलगी स्वखुशीने गेली, आम्ही परवानगी दिली” हा बचावही टिकत नाही. शोषणाच्या हेतूने, मुलाचा ताबा असलेल्या माणसाला पैसे देऊन त्याची संमती मिळवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 प्रमाणे मानवी तस्करीचाच मार्ग आहे आणि पीडिताची संमती तेथे विचारात घेतली जात नाही.

तिने 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन माझ्याच टेबलावरून लावला. मुलीला बालकल्याण समितीपुढे आणले गेले, काही काळ ती बालगृहात राहिली आणि घरची चौकशी झाल्यावर बहिणीकडे आली.

दिवाळीला मामांकडे जावे का, असे तरुणीने मला परवा विचारले. ते धाकटीला विचार, असे मी सांगितले.