तळपायांची आग आणि गुलकंद

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका, बार्शीची. १४ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. वर्षभर रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात, पांघरूणसुद्धा सहन होत नाही. मग उठून शहाबादी फरशीवर पाय टेकवून बसते. सगळे म्हणतात, उष्णता आहे. रोज दोन चमचे गुलकंद खाते, सून काशाच्या वाटीनं तूप चोळून देते, कधी मिठाच्या गरम पाण्यात पाय शेकते. हल्ली चप्पल पायातून निसटते, दोन पावलं पुढं गेल्यावर कळतं. काय करावं?

उत्तर : बाई, ही उष्णता नव्हे. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही शुगरनं दुखावलेल्या नसांची आग दिसते. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून त्रास आधी बोटांत आणि दोन्ही पायांत सारखाच सुरू होतो. गुलकंदात पाकळ्यांइतकी, बहुतेकदा जास्तच साखर असते. तो आजपासून बंद.

गरम पाणीही बंद. माझ्याकडे एक शेतकरी आले होते, चपलेतून बाभळीचा काटा अर्धा बोटभर आत गेलेला. "हे कधीचं?" म्हटलं, तर तेच वाकून बघायला लागले. ज्या पायाला काटा कळत नाही, त्याला चटका काय कळणार? आंघोळीचं पाणीही आधी कोपरानं बघा.

काशाची वाटी मी बंद करायला सांगणार नाही. बरं वाटतं ना, मग हलक्या हातानं चालू द्या. नस त्यानं सुधारत नाही, पण सुनेला एक काम सांगा : चोळण्याआधी दिव्याखाली तळवा बघायचा. भेग, फोड, लाली, बोटांमधला ओलेपणा. बोटांच्या बेचक्यात तूप नको, आणि उठण्याआधी पाय पुसा, नाहीतर फरशीवर घसराल.

डॉक्टरांना बी१२ जीवनसत्त्व तपासायला सांगा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं ते कमी होऊ शकतं आणि त्यानंही अशाच मुंग्या येतात. म्हणून गोळी मात्र आपल्या मनानं सोडू नका. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या आगीवर फारशा चालत नाहीत, वर किडनीला ताप. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं आहेत. डॉक्टर कमी डोसनं सुरुवात करतात. गुंगी, चक्कर येऊ शकते, तेव्हा रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा. गुण यायला काही आठवडे लागतात, पाच दिवसांत कंटाळू नका. शुगर खाली आणायची ती हळूहळू. एकदम खाली आणली तर आग काही काळ वाढूही शकते.

चपलेचं तुम्ही शेवटी, सहज लिहिलंत. मला पत्रातली तीच ओळ सगळ्यात काळजीची वाटली. आग होते तिथं नस निदान बोलते आहे, चप्पल निसटते तिथं ती गप्प होत चालली आहे. याच आठवड्यात पायांची संवेदना तपासून घ्या : नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवतात, काही दुखत नाही. आणि मागं पट्टा असलेली, मऊ तळव्याची चप्पल संध्याकाळी जाऊन घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरातही तीच घालायची, फरशीवर अनवाणी नाही.