‘मे गुस्ता’ आणि ‘मला आवडतं’

प्रश्न : इंग्रजी पुस्तकावरून स्पॅनिश शिकते आहे. ‘मे गुस्ता एल काफे’चा अर्थ त्यात ‘कॉफी मला आनंद देते’ असा फिरवून का दिलाय? ‘पर्सनल आ’ (कर्म माणूस असला की त्याआधी लागणारा ‘आ’) आणि ‘सबजंक्टिव्ह’ (इच्छा, शंका यांसाठी क्रियापदाचं वेगळं रूप) यांपाशीही गाडी अडते.

उत्तर : ती कसरत इंग्रजी वाचकासाठी आहे. इंग्रजीत आवडून घेणारा कर्ता असतो, स्पॅनिशमध्ये आवडणारी वस्तू. मराठीतही तसंच, म्हणून सरळ ‘मला कॉफी आवडते’ म्हणा. ‘मे’ म्हणजे ‘मला’. वस्तू अनेक झाल्या की क्रियापद बदलतं : ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’, मला पुस्तकं आवडतात. ‘यो गुस्तो’ कधीही नको. एक चूक मात्र मराठी माणूसही करतो. ‘अनाला कॉफी आवडते’ म्हणताना ‘आ आना ले गुस्ता एल काफे’ हवं. नाव आलं तरी ‘ले’ लागतोच. आपण ‘अनाला तिला’ असं दोनदा म्हणत नाही, म्हणून तो गळतो.

‘पर्सनल आ’ तर आपल्या ‘ला’चाच भाऊ. ‘मी घर पाहते’, पण ‘मी अनाला पाहते’; तसंच ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ आना’. नावाच्या जागी सर्वनाम आलं की मात्र मराठी फसवते, कारण ‘तिला पाहते’ आणि ‘तिला पुस्तक देते’ यांत आपलं ‘तिला’ एकच. स्पॅनिशमध्ये पहिलं ‘ला बेओ’, दुसरं ‘ले दोय एल लिब्रो’. देणे, सांगणे, दाखवणे यांत दिलेली किंवा सांगितलेली गोष्ट हे प्रत्यक्ष कर्म, आणि ज्या व्यक्तीला ती मिळते ते अप्रत्यक्ष. तिथे ‘ले’.

सबजंक्टिव्हसाठी विध्यर्थ आठवा. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ : ‘किएरो के बेंगास’. इंग्रजीच्या वळणाने इथे ‘बेनीर’ (येणे) हे मूळ रूप घातलं की वाक्य मोडतं. पण ही जोडी सगळीकडे जुळत नाही. ‘तो येईल असं वाटत नाही’ यात आपण भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिशमध्ये तिथेही सबजंक्टिव्हच : ‘नो क्रेओ के बेंगा’.

प्रश्न : ‘असणे’साठी स्पॅनिशमध्ये सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत. ‘कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार’ हा नियम पाठ करू का?

उत्तर : नको, लवकरच तोंडघशी पाडेल. (खालच्या वाक्यांत ‘एस’ हे सेरचं रूप, ‘एस्ता’ हे एस्तारचं.) माद्रिद कुठे हलत नाही, तरी ‘माद्रिद एस्ता एन एस्पान्या’. मेलेला माणूस परत येत नाही, तरी ‘एस्ता मुएर्तो’. ओळख, व्यवसाय, मूळ गाव, वेळ, तारीख यांना सेर. ठिकाण आणि अवस्था यांना एस्तार, असं लक्षात ठेवा. मराठीत दोन्हीकडे ‘आहे’ असल्याने क्रियापदाकडे पाहून काही कळणार नाही, विशेषणाकडे पाहा : ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे कंटाळलेला. ठिकाणाला एक अपवाद आहे. वस्तू कुठे आहे यासाठी एस्तार, पण कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेर : ‘ला फिएस्ता एस एन मी कासा’, पार्टी माझ्या घरी आहे.