कथेतली पात्रं खरी वाटावीत म्हणून त्यांचा आधीचा सगळा इतिहास लिहून काढावा का?

तक्ता भरू नका. हे आधी सांगते, बाकीचं मग.

तुम्ही लिहिलंय की मित्रांना तुमची पात्रं पुठ्ठ्याची वाटतात, आणि कथालेखनाच्या एका शिबिरात तुम्हाला प्रत्येक पात्राचा जन्मापासूनचा तक्ता भरायला सांगितलाय. संवाद बोलीत लिहावेत का आणि नावं कशी ठेवावीत, हेही विचारलंय. त्या दोन्हींवर शेवटी बोलते. तक्त्याचं मात्र माझ्या मनात गेली काही वर्षं साचलेलं आहे.

मी एसटीत कंडक्टर आहे, कराडच्या आसपासच्या ग्रामीण गाड्यांवर. लिहायला लागले ते 2021च्या संपात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ड्युटी नाही, पगार नाही. डोक्यात मात्र रोजची चढणारी-उतरणारी माणसं चालूच. तीन वह्या भरल्या. कामावर परत गेल्यावर त्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी दोन दिवसांचं शिबिर झालं, तिथे रजा टाकून गेले. मार्गदर्शक नावाजलेले होते. त्यांनी छत्तीस रकान्यांचा कागद वाटला. उंची, शिक्षण, आवडता रंग, आवडता पदार्थ, बालपणीची भीती. सर्वात खाली मोठा चौकोन होता: जखम. ते म्हणाले, "पात्राला जखम लागते. जखम सापडली की पात्र सापडलं." मी हे वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

तेव्हा माझ्या गाडीला एक आजी असायची. बाजारच्या दिवशी सकाळी भाताच्या तुसात अंडी भरून घेऊन जायची, दुपारच्या गाडीनं गूळ, मिसरी, कधी पोतंभर काहीतरी घेऊन परत. ऐंशीच्या आतबाहेरची. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट होतंच, ते ती काढायची. मग ऑगस्ट 2022मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला. आधार कार्ड दाखवायचं, आम्ही मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून द्यायचं. म्हातारी माणसं नुसती हरखून गेली होती. काही जण काम नसताना तालुक्याला जाऊन चहा पिऊन परत यायचे.

ही आजी मात्र पदराची गाठ सोडायची आणि पाचची दोन नाणी पुढे करायची. "माजं अर्धं फाड."

मी म्हटलं, "आजी, तुम्हाला फुकट आहे आता. कार्ड नाही का?"

"हाय की. पिशवीत हाय. तू फाड."

एकदा नाही, प्रत्येक वेळी. मार्च 2023मध्ये सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तिनं गाडीभर ऐकू जाईल असं विचारलं होतं, "मंग आता समद्याच म्हाताऱ्या झाल्या म्हणायच्या का?" आणि पुन्हा तीच दोन नाणी. आता तिला वेगळं काही करावंच लागत नव्हतं.

लिहिणाऱ्या माणसाला असं कुणी दिसलं की झोप लागत नाही. फुकट असताना पैसे देणारी गरीब बाई! मी तक्ता काढला. छत्तीसच्या छत्तीस रकाने भरले. आवडता रंग हिरवा. भीती कुत्र्यांची. आणि जखमेच्या चौकोनात मी गिरणगाव आणलं. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतला माणूस मुंबईच्या गिरणीत होता, 1982च्या जानेवारीत संप झाला आणि पुष्कळजण गावाकडे परतले, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मग मी आजीच्या नवऱ्याला त्या संपात बेकार केलं, लोकलमध्ये विनातिकीट पकडवलं, चारचौघांत त्याचा अपमान करवला, आणि त्या लाजेनं त्याला मारलं. म्हणून आजी आयुष्यात कधी फुकट बसत नाही. शेवटी कंडक्टरच्या डोळ्यांत पाणी येतं, ती स्वतःच्या खिशातले पैसे भरून आजीचं तिकीट काढते.

कथा 2023च्या एका दिवाळी अंकात आली. मार्गदर्शकांचा फोन आला, "आता कसं पात्र उभं राहिलंय!" मला आनंद झाला, खोटं सांगत नाही. अंकाच्या पाच प्रती विकत घेऊन वाटल्या.

एक प्रत आमच्या ड्रायव्हरना दिली. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. मुक्कामाच्या गाडीवर होतो. त्यांनी रात्री वाचली आणि सकाळी गाडी पुसताना म्हणाले, "बाई, लिहिलंय चांगलं. पण ही आपली अंडीवाली न्हवं. आपली अशी गप बसून झुरायची न्हाई. ती भांडल."

मला राग आला. शिबिरवाले आणि संपादक एकीकडे, आणि हे एकटे. पण त्यांचं वाक्य जाईना. गेली वीस वर्षं हा माणूस आरशातून तिला चढताना बघतोय. आणि मी? दीड वर्ष तिला तिकीट देऊन मी एकदाही "का" म्हणून विचारलं नव्हतं. न विचारता तिचा नवरा मारून मोकळी झाले होते.

त्या थंडीत एकदा गाडी रिकामी होती. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं. तिला आश्चर्य वाटलं की मला ठाऊक नाही.

तिचं घर थांब्यावर नाही. थांब्याच्या किलोमीटरभर अलीकडे पाणंद लागते, तिच्या तोंडाशी उतरलं तर ती पाच मिनिटांत घरी. थांब्यावर उतरलं तर ओझं घेऊन उलटं चालत यायचं. म्हणून ती दर वेळी "हितं थांबीव" म्हणून उठायची. आणि मी दर वेळी म्हणायची, "आजी, थांबा पुढे आहे." मग वादावादी व्हायची आणि अण्णा ब्रेक लावायचे.

"फुकाटचं झालं त्या टायमाला," ती म्हणाली, "यक म्हातारा असाच मदीच उतरतो म्हणाला. तवा तू त्याला काय म्हणालीस? बाबा, फुकट बसलाय, आता थांब्यावरच उतरा. म्या ऐकलं. तवाच म्हणलं, धा रुपयं गेलं तर गेलं. पैकं दिलं की भांडाया येतंय."

मला तो म्हातारा आठवला. गर्दी होती, गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती, आणि मी ते बोलले होते. गाडीत दोघं-तिघं हसलेही होते.

मी जखम शोधायला परळ-लालबागपर्यंत गेले, आणि कारण तिकीट मशीन गळ्यात घालून गाडीत उभं होतं.

म्हणून सांगते, तक्ता भरू नका. तक्ता भरणारा माणूस एकटाच बसलेला असतो, आणि एकट्याला सुचतं ते कुठेतरी ऐकलेलंच असतं. गिरणी, अपमान, मरण हे सगळं माझ्या हाताशी तयार होतं, म्हणून ते सुचलं. पाणंद सुचली नसती. माणसं रोज जे विचित्र वागतात त्याचं कारण बहुतेक वेळा त्यांच्या रोजच्या अडचणीएवढंच असतं. किलोमीटरभर चालणं, गुडघा, सुनेला उत्तर द्यायला लागू नये, शेजारणीला कळू नये. आणि ते कारण पात्राच्या पोटात एकट्यानं नसतं, ते कुणाशी तरी बांधलेलं असतं. आजी तशी वागत होती ती माझ्यामुळे. तक्त्यात "दुसऱ्या पात्रानं याच्याशी काय केलं" असा रकानाच नव्हता.

मी कथा पुन्हा लिहिली. नवरा काढला, गिरणी काढली, लोकल काढली. आधी असं होतं: "पाचची नाणी पुढे करताना तिच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहिला. त्याची खाली गेलेली मान, भोवतालची हसणारी तोंडं..." आता असं आहे:

पाणंद दिसली तशी ती उठली. "हितं थांबीव."
"आजी, थांबा पुढे आहे."
तिनं तिकीट वर धरलं. काही बोलली नाही. मी घंटीची दोरी ओढली.

"पैकं दिलं की भांडाया येतंय" हे वाक्य मी कथेत घातलेलंच नाही. तिनं ते मला सांगितलं, कारण मी विचारलं. कथेतल्या कंडक्टरनं विचारलेलं नाही, मग ती कुणाला सांगणार? तुमच्या मित्रांना पात्रं पुठ्ठ्याची वाटतात त्यामागे हेही असू शकेल. पात्र स्वतःबद्दलचं सगळं बोलून टाकत असेल, तेही कुणी न विचारता. बघा तपासून.

सगळ्यात जास्त बदलावी लागली ती कंडक्टर. पहिल्या कथेत आजीपेक्षाही खोटी तीच होती. डोळ्यांत पाणी, खिशातले पैसे. ती मी होते ना, म्हणून चांगली केली होती. आता ती घाईत आहे, वैतागलेली आहे, म्हाताऱ्याला टोचून बोलते आणि गाडीतले हसले की तिला जरा बरं वाटतं. हे शेवटचं लिहायला मला आठ दिवस लागले. तुमच्या कथेत तुमच्यासारखं कुणी असेल तर आधी त्याच्याकडे बघा. पुठ्ठा बहुतेक तिथेच निघेल.

बोलीबद्दल. लिहा बोलीत, पण "आहे"चं "हाय" केलं की बोली आली असं समजू नका. माणूस कुणाला काय म्हणतो तिथे बोली सुरू होते. मला कॉलेजची पोरं मॅडम म्हणतात, बाजारच्या बायका ताई म्हणतात, साठीपुढचे पुरुष बाई. आजी "ए पोरी" म्हणायची. पण एकदा तपासणी पथक चढलं, तेव्हा तिनं अंग आक्रसून मला वाट दिली आणि म्हणाली, "या बाईसाहेब, हिकडनं या." परक्या लोकांपुढे तिनं माझा मान ठेवला. दोन माणसं एकमेकांना काय म्हणतात आणि ते कधी बदलतं, एवढं तुम्हाला ठाऊक असेल तर निम्मा संवाद लिहून झाला. निवेदनाची भाषा मात्र तुमची स्वतःची ठेवा. माझी अशीच आहे, इथे लिहिलीय तशी.

नावं त्या पिढीतली आणि त्या गावातली ठेवा, यापलीकडे मला काही सांगता येणार नाही. आजीला गाडीत कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही, म्हणून कथेतही तिला नाव नाही.

आता काही गोष्टी राहिल्या. तुम्ही मोठी कादंबरी लिहीत असाल, तीन पिढ्या, वीस-पंचवीस माणसं, तर वयं आणि सालं एका कागदावर लिहून ठेवा, नाहीतर नातू आजोबांच्या आधी जन्मेल. तो तक्ता वेगळा, त्याला माझी हरकत नाही. दुसरं, खऱ्या माणसाचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं म्हणून ते कागदावर खरं वाटतंच असं नाही. माझ्या वह्यांतली निम्मी वाक्यं गाडीत जिवंत होती आणि कथेत मेली. आणि खरी माणसं घ्याल तर ती ओळखू येणार नाहीत इतकी बदला. इथेही मी गाव सांगितलेलं नाही आणि पिशवीतला माल बदललाय. पहिली कथा छापली तेव्हा मी एवढी काळजी घेतली नव्हती, आणि ज्या बाईचा नवरा घरी व्यवस्थित आहे तिला मी विधवा करून गावोगाव पाठवलं. तिला वाचता येत नाही म्हणून ते निभावलं, पण ते बरोबर नव्हतं.

नवीन कथा मी त्याच अंकाकडे पाठवली. मार्गदर्शक आता तिथे संपादनाला मदत करतात. महिन्याभरात परत आली, सोबत चिठ्ठी: आजीच्या वागण्यामागची प्रेरणा पुरेशी ठसत नाही, आणि कंडक्टरबद्दल वाचकाला सहानुभूती वाटत नाही. दोन्ही दुरुस्त केल्यास विचार करू.

अण्णांनी ती वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला थांब्यावरच उतरवलं का गं मग?" मी म्हटलं, "हो." ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

कथा मी बदललेली नाही. दुसऱ्या अंकाकडे पाठवलीय.