ब्लेड जावेकडे

“मुदत जवळ आली की हातच चालत नाही. मी आळशी झालेय का?” हा प्रश्न माझ्याकडे येतो तो बहुतेक परीक्षेच्या मुलांकडून. यंदा चैत्र संपता संपता तो पारोळ्याकडच्या एका मावशींनी विचारला, तोही गोधडीवरून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की बाळाला घेऊन पुण्याला जाणार. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण, झोके आणि गौराईची गाणी. लेकीला रिकाम्या हाताने कोण पाठवतं? नातवासाठी रंगीत तुकड्यांची गोधडी द्यायची ठरली होती. १२ दिवस उरले होते. “मन्हा हात चालत नही, ताई,” मावशी म्हणाल्या.

झोप, जेवण, कशात मन रमतं का, हे आधी विचारलं. झोप तेवढी चाळवलेली होती. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर गोधडी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फुकट फोनही लावता येतो. इथे तसं नव्हतं. म्हणून मी हिशेब मांडून दिला: टाक्यांच्या ६० ओळी, १२ दिवस, रोज ५.

चुकलं माझं. चार दिवसांनी मावशी आल्या तेव्हा २२ ओळी घालून झाल्या होत्या आणि १७ उसवून झाल्या होत्या. हात चालत होता की! उलटा चालत होता.

झालं असं होतं, लेकीने मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. मशीनवर शिवलेले, फूटपट्टीने आखल्यासारखे चौकोन. मावशींकडे काय, तर सासूबाईंचं जुनं लुगडं, धोतर, झंपरांचे तुकडे. धुवून धुवून मऊ पडलेलं सुती कापड ताणतं, तिरकं कापलं तर जास्तच. चौकोन सारखे येणार कुठून? त्यात कडेने आत फेऱ्या घालत गेलं की फुगवटा सरकत सरकत मधोमध येतो. गावात मावशींचा टाका नावाजलेला, आणि आता तो पुण्याची विहीणबाई बघणार.

यात आळस कुठे आहे? टाका वाकडा दिसला की पोटात गोळा यायचा, उसवला की जरा बरं वाटायचं. घात करतं ते हे बरं वाटणंच. भीती घालवायची तर उसवायलाच हवं, असं मन शिकतं आणि पुढच्या वेळी ब्लेड आधीच हातात येतं. वहीची पानं फाडून पुन्हा पुन्हा लिहिणारी मुलं याच वाटेने जातात. आईबाप मात्र त्यांना ‘टंगळमंगळ करतो’ म्हणतात.

मी मावशींना म्हटलं, एक ठिगळ मुद्दाम तिरकं लावा आणि तीन दिवस त्याला हात लावू नका. भीती सोळापैकी किती आणे ते रोज संध्याकाळी कॅलेंडरवर लिहा. (‘दहापैकी किती’ विचारून पाहिलं होतं, आणे लगेच कळले.) मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. ते फारसं खोटं नाही.

पहिल्या दिवशी १४ आणे. त्या रात्री दोनला उठून त्यांनी वीतभर उसवलं आणि सकाळी फोनवर कबूलही केलं. रागावून काय होणार? सुई राहू द्या, ब्लेड आणि कात्री जावेकडे देऊन टाका, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ११. तिसऱ्या दिवशी ६. सहाच्या खाली भीती काही उतरली नाही, पण सहा आण्यांच्या भीतीत ओळी पडत होत्या.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी लेक गेली. गोधडी बरोबर गेली, एका बाजूचा गोट घालायचा राहूनच. “दिवाळीला येईल तवा घालसू,” मावशी म्हणाल्या. ब्लेड अजून जावेकडेच आहे.